शैलाबाई पेडणेकर आणि बिनदाराची किल्ली

मिरारोडच्या शांती नगरातल्या त्या चार मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून पंढरीनाथ पेडणेकरांना तो फ्लॅट स्वस्तात मिळाला. डास, गटाराचा वास आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय, असा तिथला देखावा. गिरगावातून आलेल्या शैलाबाईंनी पहिले दोन महिने नवऱ्याला ऐकवण्यात घालवले. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गेटसमोर उघडते. कोण किती वाजता आला, कोणाच्या पिशवीत काय आहे, कोणाची सून माहेरून परतली आणि कोणाची नाही, हे सगळं भाजी परतता परतता दिसतं. त्यानंतर त्यांनी फ्लॅटविषयी तक्रार केली नाही. वरच्या मजल्यावरची जागा रिकामी झाली तेव्हा पंढरीनाथरावांनी विषय काढला होता. "गुडघे," एवढं एकच कारण सांगून बाईंनी तो मिटवला. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

किल्ल्यांचं प्रकरण आपोआप सुरू झालं. बिल्डिंगमधले बहुतेक नवराबायको नोकरीला. कामवाली येणार, सिलेंडर येणार, पोरं शाळेतून येणार, आणि दार उघडायला कोणी नाही. तळमजल्यावर मात्र शैलाबाई चोवीस तास हजर. एकाने किल्ली ठेवली, मग दुसऱ्याने ठेवली. शेवटी पंढरीनाथरावांनी एका फळीला खिळे ठोकून ती फळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून दिली. संसारात न सांगता केलेलं त्यांचं हे एकमेव काम. कोणाच्या किल्लीला गणपती, कोणाच्या किल्लीला प्लास्टिकचा बूट, कोणाच्या किल्लीला बँकेने फुकट दिलेला बिल्ला. बाईंना अंधारातसुद्धा हात लावून सांगता येई, ही किल्ली कुठल्या घराची.

नियम एकच होता. ज्याने किल्ली दिली, त्याच्याच हातात ती परत जाणार. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या डिमेलो टीचरचा नवरा घराबाहेर अडकला. किल्ली टीचरने ठेवलेली होती. "फोन लागू दे, त्या हो म्हणू देत, मग देते," शैलाबाई म्हणाल्या. टीचर वर्गात, फोन बंद. तो गृहस्थ शाळा सुटेपर्यंत जिन्यात बसून राहिला. बाईंनी त्याला चहा दिला, कांदेपोहे दिले, वाचायला पेपर दिला. किल्ली दिली नाही.

अशी ही बाई. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांच्या हातून काही सुटत नसे, तोंडातून मात्र सगळं सुटे. एकदा एका घरात नळ उघडा राहिला आणि पाणी जिन्यात आलं. मालकाने फोनवर परवानगी दिली, बाईंनी दार उघडून नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला कळलं की त्या घरात सोफ्यावर महिनाभराचे कपडे पडलेत आणि देव्हाऱ्यामागे बाटली आहे. पाणी वाचलं, अब्रू वाहून गेली. तरी लोक किल्ल्या ठेवतच राहिले. ठेवण्यापूर्वी घर आवरत, एवढाच फरक पडला.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरचा नीरज खाली आला. धर्मेशभाई आणि हेमांगीबेन यांचा हा एकुलता एक. घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायचा. इथल्याच शाळेत शिकल्यामुळे मराठी झकास बोलायचा.

"आंटी, एक वस्तू ठेवाल?"

"कुलूप बदललं का?"

"किल्लीच आहे, पण घराची नाही." त्याने खिशातून एक छोटी काळी थैली काढली. आत अंगठ्याएवढी एक चपटी वस्तू होती. पुढे इवलीशी काच, कडेला दोन बटणं.

"पेन ड्राइव्ह," शैलाबाई म्हणाल्या. त्यांना पेन ड्राइव्ह माहीत होता. रुचिताच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यांच्याकडे पेन ड्राइव्हमध्येच होता आणि तो आजवर कुठल्याही टीव्हीवर चालला नव्हता.

"नाही. ह्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात."

"पाकीट? ह्यात बंदा रुपया मावणार नाही रे."

"पैसे ह्यात नसतातच, आंटी. माझे बिटकॉइन आहेत. त्यांची नोंद इंटरनेटवर असते, जगभरच्या कॉम्प्युटरांवर. ते इकडून तिकडे हलवायला एक गुप्त किल्ली लागते, ती ह्याच्या आत आहे. मोबाईलमध्ये ठेवली तर कोणी हॅक करतो. कुठल्या कंपनीकडे ठेवली तर ती कंपनीच एक दिवस शटर पाडते. हे इंटरनेटला जोडलेलं नाही, म्हणून सेफ."

शैलाबाईंनी ती वस्तू उलटीपालटी करून पाहिली. "म्हणजे पैसे इथे नाहीत."

"नाहीत."

"किल्ली इथे आहे."

"हो."

"आणि दार?"

"दार असं काही नाही."

"बिनदाराची किल्ली," शैलाबाई म्हणाल्या. "आणि तुझा बाप गावभर सांगतो, पोरगा हुशार आहे."

नीरज हसला. त्याने समजावून सांगितलं. अशीच एक किल्ली त्याच्याकडे आहे, ही तिची जोडी. घराला आग लागली, चोरी झाली, तर दुसरी लागणार, आणि ती दुसऱ्या घरात असायला हवी. पिन फक्त त्याला ठाऊक. तो तीनदा चुकला की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं.

"माझ्या सासूसारखं आहे," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या चुकीला बोलणं बंद. बरं, तुझ्या मामाकडे का नाही ठेवत?"

"मामाला पिन नाही सांगितला तर तो रागावेल. तुम्हाला पिनमध्ये इंटरेस्टच नाही."

"अजिबात नाही."

"फक्त एक करा, आंटी. कोणाला सांगू नका. पप्पांना तर बिलकूलच नाही. त्यांना वाटतं, माझे पैसे एफडीत आहेत."

शैलाबाईंनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. त्या क्षणी ती शंभर टक्के खरी होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी ती थैली फळीवर, डिमेलो टीचरच्या किल्लीशेजारी टांगली. दोन दिवस त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पंढरीनाथरावांनी तर, तुला बरं नाही का, असं विचारलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मुर्धा गावाहून भाजी घेऊन येणारी अंबिका दारात टोपली उतरवून बसली. मेथी निवडता निवडता शैलाबाई म्हणाल्या, "अंबिके, नाव नाही घेत हं मी कोणाचं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एका गुजराती मुलाने..."

दुसऱ्या मजल्यावर गुजराती मुलगा एकच होता.

अंबिकाने सगळं ऐकून घेतलं. "पैसं डोल्यांनी दिसत न्हाय, हाताला लागत न्हाय. मंग हाय तरी कुठं?"

"तेच तर मी म्हणते!" शैलाबाई म्हणाल्या. मनावरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी मेथीच्या दोन जुड्या जास्त घेतल्या.

अंबिका चारही मजले चढून भाजी विकायची. त्यामुळे संध्याकाळपर्यंत बातमी गच्चीवर पोहोचली आणि चढता चढता तिने बरंच अंग धरलं. पहिल्या मजल्यावर नीरजचं डिजिटल पाकीट होतं. तिसऱ्यावर त्याची सोन्याची नाणी झाली. चौथ्यावर ती नाणी शैलाबाईंच्या पिठाच्या डब्यात जाऊन पडली. गेटजवळ पिंटूचं काचेच्या दाराचं इस्टेट एजंटचं ऑफिस होतं. तिथे बातमी आली तेव्हा पेडणेकरांच्या घरावर कुठल्याही क्षणी धाड पडणार होती. हा पिंटू सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने लगेच मीटिंग बोलावली आणि तिथे 'रिस्क फॅक्टर' हा शब्द इतक्या वेळा वापरला की शेवटी वॉचमनसुद्धा तो म्हणू लागला.

"काकी, पर्सनल काही नाही," दुसऱ्या दिवशी सकाळी पिंटू दारात येऊन म्हणाला. "पण तुमच्याकडे एवढा मोठा माल आहे हे बाहेर कळलंय. उद्या चोर आले तर माल तर नेतीलच, वर आमच्या घरांच्या किल्ल्यापण नेतील. माझी किल्ली देता?"

शैलाबाईंनी ती पदराने पुसून त्याच्या हातात ठेवली. त्याच्यामागून एकेक जण येत गेला. कोणी नजर चुकवत, कोणी उगाच गुडघ्यांची चौकशी करत. डिमेलो टीचर सगळ्यांत शेवटी आल्या. "सॉरी हां, शैला. हजबंड ऐकत नाही," म्हणाल्या. तो का ऐकत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

संध्याकाळी फळीवर नुसते खिळे उरले, आणि ती काळी थैली. बाई रडल्या नाहीत. त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. पंढरीनाथरावांनी ती आमटी निमूट खाल्ली. आज काही बोलण्यात अर्थ नाही, हे त्यांनाही कळत होतं.

खरा भडका तर अजून उडायचा होता. धर्मेशभाईंचं भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचं दुकान. बातमी त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळली, हे त्यांना फार लागलं. ते दुकान नोकरावर टाकून तडक शैलाबाईंच्या दारात आले.

"शैलाबेन, मेरे लडके का वो डब्बा दे दो."

शैलाबाईंचं हिंदी हा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा स्वतंत्र भाग होता. "किसने दिया?"

"लडके ने."

"तो लडके कोच मिलेगा."

"मैं उसका बाप हूं!"

"वो मेरेको मालूम है. बारसे में मैं थी. तुम्हारे घर का चाबी तुमने दिया था, वो तुमकोच वापस दिया ना? ये उसने दिया, उसको मिलेगा."

"अरे, वो चीज है ही नहीं! हवा है हवा! हाथ में कुछ आता नहीं, ऐसे में कोई पैसा डालता है?"

"तुम्हारा शेअर हाथ में आता है क्या? पाव किलो तौल के मिलता है?"

शेअर बाजारात धर्मेशभाईंनी काय काय केलं होतं, हे शैलाबाईंना हेमांगीबेनकडून तपशीलवार ठाऊक होतं, आणि शैलाबाईंना ते ठाऊक आहे हे धर्मेशभाईंना ठाऊक होतं. ते पाय आपटत वर गेले. दुसऱ्या दिवशी हेमांगीबेन डाळतांदळाचा गरमागरम हांडवो घेऊन आल्या. शैलाबाईंनी तो आवडीने खाल्ला, रेसिपी विचारून घेतली, रिकाम्या ताटलीत चकल्या घालून ती परत दिली. ताटलीत बाकी काही नव्हतं.

नीरज दोन दिवस आलाच नाही. आला तो चेहरा पाडूनच.

"आंटी, तुम्ही शपथ घेतली होती."

"घेतली होती."

"मग?"

बाईंनी बरीच उत्तरं तयार ठेवली होती. आयत्या वेळी त्यांतलं एकही आठवेना. "तोंडातून गेलं रे," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटतेय. घेऊन जा ती."

नीरज रिकाम्या खिळ्यांकडे बघत राहिला. "हातातून तर नाही ना गेलं? पप्पा आले, मम्मी आली, तरी तुम्ही दिलं नाहीत. वर घरी माझ्या कपाटाची रोज झडती चाललीये. इथेच राहू दे. फक्त तिथे टांगू नका."

मग शैलाबाईंनी ती कुकरच्या जुन्या रिंगा आणि शिट्ट्या ठेवायच्या डब्यात टाकली. त्या घरातल्या पुरुषाने तो डबा जन्मात उघडलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात शैलाबाई हाटकेशला रुचिताकडे गेल्या होत्या. दुपारी रिक्षाने परत आल्या तेव्हा पंढरीनाथराव टीव्हीसमोर आरामात बसले होते.

"कंपनीचा माणूस येऊन गेला," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"कुठल्या कंपनीचा?"

"मशीनच्या. अपडेट करायचं आहे म्हणाला, सर्व्हिसिंगला घेऊन गेला. संध्याकाळी आणून देतो म्हणाला. सभ्य होता मुलगा. चहासुद्धा नको म्हणाला."

"कसलं मशीन दिलंत तुम्ही?" बाईंनी पिशवी खाली टाकत विचारलं.

"अगं, ते! छोटं, काच असलेलं, बटणांचं. तोच म्हणाला, काका, तुमच्याकडे एक छोटं मशीन आहे ना स्क्रीनवालं. मी दिलं काढून."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? आधी डबा उघडून पाहिला असता. पण शैलाबाईंच्या हातापायांपेक्षा त्यांचं तोंड कायम पुढे धावायचं. त्या थेट जिना चढत सुटल्या. "नीरज! अरे नीरज! गेली रे किल्ली!" दोन्ही गुडघ्यांनी कुरकुर केली नाही, हे बिल्डिंगमधल्या अनेकांनी नोंदवून ठेवलं.

नीरजने दार उघडलं. मागे धर्मेशभाई जेवायला बसले होते, ते उष्ट्या हाताने उठले. शैलाबाईंनी धापा टाकत सगळं सांगितलं आणि तिथेच खुर्चीत बसल्या. नीरजने पुस्तकांच्या मागून आपल्याकडची किल्ली काढली, लॅपटॉपला लावली, पिन घातला. पिनच्या भरवशावर न राहता नवीन किल्ली तयार करून सगळे बिटकॉइन तिकडे वळवायचे, म्हणजे चोराच्या हातातल्या किल्लीला उघडायला काही उरणारच नाही, असं त्याने स्क्रीनवरून नजर न हलवता समजावलं. त्या इवल्या काचेवर अक्षरं सरकत होती. तो प्रत्येक अक्षर ताडून बघत होता आणि मग बटण दाबत होता. धर्मेशभाई त्याच्या पाठीमागे उभे, हातावरची डाळ वाळून गेलेली. मुलाला काम करताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

"गया?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही पप्पा. सगळं आपल्याकडेच आहे. फक्त जागा बदलली."

धर्मेशभाई धपकन बसले. "पंद्रह मिनिट में तो मेरा बँकवाला पेन नहीं ढूंढता," ते म्हणाले. पोराच्या पाठीवर हात ठेवायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण हात उष्टा होता. हेमांगीबेनने टॉवेल दिला. मग त्यांनी हात पुसला आणि ठेवला.

शैलाबाई नीरजला घेऊन खाली आल्या. निदान कुठून गेली ती जागा तरी दाखवावी म्हणून त्यांनी डबा उघडला. रिंगा, शिट्ट्या आणि त्यांच्या मधोमध काळी थैली. थैलीत किल्ली.

नीरजने ती उलटीपालटी करून पाहिली. त्याचीच होती.

"अहो!" शैलाबाईंनी हाक मारली ती गेटवर ऐकू गेली. "तुम्ही दिलंत तरी काय त्या मेल्याला?"

"सांगितलं ना, मशीन!" पंढरीनाथराव वैतागून आत आले. "माझं साखरेचं मशीन! त्याच्या पट्ट्या कुठे मिळेनात, म्हटलं कंपनी सुधारून देत असेल तर बरंच झालं."

नीरज ओट्याला टेकून हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुठेतरी एक भामटा ते यंत्र मोबाईलला जोडून बसला असेल, आणि यंत्र त्याच्याकडे रक्ताचा थेंब मागत असेल.

"यात हसण्यासारखं काय आहे?" पंढरीनाथराव म्हणाले. "मी उद्या साखर कशी बघायची?"

"बघू नका," शैलाबाई म्हणाल्या. "नाहीतरी श्रीखंड खाऊन झाल्यावरच बघता."

तो माणूस कोण, हे कधीच कळलं नाही. पिंटूने आईची शपथ घेऊन सांगितलं की त्याने ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नाही, फक्त एजंटांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली होती. त्या ग्रुपवर मिरारोड-भाईंदरचे दोनशे एजंट होते. पंढरीनाथरावांना पोलिसांत जायचं होतं. चोरीला गेलेल्या वस्तूचं वर्णन काय करणार, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी तो बेत सोडला. नीरजने त्यांना नवीन साखरेचं मशीन आणून दिलं.

वाचलेली किल्ली नव्या किल्लीची जोडी म्हणून तयार करून नीरज ती पुन्हा ठेवायला घेऊन आला. शैलाबाईंनी हात मागे घेतला.

"नको बाबा. मला माझं तोंड माहीत आहे. दुसरीकडे ठेव, आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

किल्ल्या परत आल्या, पण वाजतगाजत नाही. एका दुपारी पिंटूची बायको बाहेर अडकली, पिंटू कुठल्याशा साइटवर, आणि भर उन्हात ती पेडणेकरांच्या दाराशी बसून राहिली. संध्याकाळी पिंटूने गुपचूप किल्ली आणून खिळ्याला अडकवली. सिलेंडरवाला दोनदा परत गेला तेव्हा चौथा मजला आला. डिमेलो टीचरची किल्ली त्यांच्या नवऱ्याने स्वतः आणून दिली. "अब मेरेको भी देने का हां," असं बजावून गेला. शैलाबाईंनी कोणाला टोमणा मारला नाही. म्हणजे मारला, पण प्रत्येकाला एकेकच.

नीरजने दुसरी किल्ली ठेवायला दिली ती आपल्या बापाला. धर्मेशभाईंनी ती कुठेतरी दडवली, बायकोलाही सांगितलं नाही. पहिले काही दिवस ते छाती काढून जिना उतरत. मग हळूहळू त्यांची चाल बिघडली. एवढी मोठी गोष्ट आपल्याला माहीत आहे आणि ती कोणालाच सांगता येत नाही, हे दुखणं त्यांना सोसेना. ते खिडकीशी रेंगाळू लागले. हवापाण्याचं बोलत, दुकानाचं बोलत, पण जात मात्र नसत.

शेवटी एक दिवस ते खिडकीच्या गजांना तोंड लावून उभे राहिले. इकडेतिकडे बघितलं.

"शैलाबेन," ते हळूच म्हणाले, "आप सोच भी नहीं सकते मैंने किधर रखा है. किसको बोलना मत हां. दुकान में वो बडा पतेला है ना, उसके..."

शैलाबाईंनी चटणीचं भांडं मिक्सरवर बसवलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.